स्टिरॉइडनं बरं वाटतंय, मग मेथोट्रेक्सेट कशाला?

पत्र थोडक्यात असं: लिहिणारी मैत्रीण ३४ वर्षांची आहे, चार वर्षांची मुलगी आहे आणि येत्या दीड-दोन वर्षांत दुसऱ्या मुलाचा विचार आहे. सात महिन्यांपूर्वी दोन्ही हातांच्या बोटांचे सांधे सुजायला लागले, मग मनगटं, मग पावलं. सकाळी दोन-दोन तास मूठ वळत नव्हती. तपासणीत आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या दोन्ही रक्तचाचण्या पॉझिटिव्ह आल्या, अँटी-सीसीपी तर बरंच जास्त, आणि र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस (सांधेवाताचा एक प्रकार) असं निदान झालं. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट १५ मिलिग्रॅम, सोबत फॉलिक अ‍ॅसिड, रोज हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, आणि दोन महिन्यांत कमी करत बंद करायचं म्हणून प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड १० मिलिग्रॅम असं लिहून दिलं. मेथोट्रेक्सेटच्या तिसऱ्या डोसनंतर दोन दिवस मळमळत राहिलं, त्यात 'हे कॅन्सरचं औषध आहे' असं वाचनात आलं, आणि तिनं कोणाला न सांगता ते बंद केलं. त्याला आता सहा आठवडे झाले. प्रेडनिसोलोन मात्र १० वरच चालू आहे कारण त्यानं छान वाटतं, दुखलं की पेनकिलर घेते, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आठवेल तेव्हा. आत्यालाही हाच आजार, तीस-पस्तीस वर्षांपासून, एवढी औषधं घेऊनही बोटं वाकडी झालीच. दोन आठवड्यांनी अपॉइंटमेंट आहे, डॉक्टर रागावतील याची धास्ती आहे, शिवाय मागच्या वेळी त्यांनी 'पुढे लागलं तर इंजेक्शनं' असं म्हटल्याचंही डोक्यात आहे. ती विचारते, स्टिरॉइड आणि पेनकिलरवर नीट चाललंय तर तसंच चालू ठेवून जड औषधं सांधे खरंच बिघडतील तेव्हासाठी राखून ठेवली तर काय हरकत आहे?

मैत्रिणी,

सगळ्यात आधी एक गोष्ट, कारण पुढचं वाचून तू घाबरून नेमकं तेच करशील असं मला वाटतंय. प्रेडनिसोलोन एकदम बंद करू नकोस. किडनीच्या वर अ‍ॅड्रिनल नावाच्या दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या रोज शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनवतात, आणि बाहेरून गोळी मिळत राहिली की काही आठवड्यांत त्यांचं काम मंदावतं. तुझे नऊ आठवडे झालेत. अशात गोळी अचानक थांबली तर गळून जाणं, उलट्या, चक्कर, बीपी एकदम खाली येणं असं होऊ शकतं आणि कधीकधी ते जिवावर बेततं. ही गोळी पायरी-पायरीनं उतरवायची असते, पायऱ्या किती आणि केवढ्या ते डॉक्टर ठरवतील. त्यामुळे दोन आठवडे थांबू नकोस, उद्याच फोन कर.

आणि फोनवर खरं सांग. मेथोट्रेक्सेट तीन डोसनंतर बंद केलंय, स्टिरॉइड १० वरच आहे, पेनकिलर आठवड्यातून अमुक इतक्या. रागावतील म्हणून लपवलंस तर काय होईल ते बघ, डॉक्टर तुझे सांधे तपासतील, सूज दिसेल, आणि त्यांना वाटेल की मेथोट्रेक्सेट घेऊनही ही अवस्था आहे म्हणजे ते लागू पडलं नाही. मग ते डोस वाढवतील किंवा ज्या इंजेक्शनांना तू घाबरतेस त्यांचं नाव काढतील. म्हणजे जे औषध तू नीट घेतलंच नाहीस ते तुझ्या यादीतून 'फेल' म्हणून खोडलं जाईल. या आजारात औषधांची यादी मोठी आहे पण अमर्याद नाही, आणि त्यातलं एक पान असं वाया घालवू नये असं मला फार मनापासून वाटतं.

मी डॉक्टर नाही. मला स्वतःला हा आजार होऊन सोळा वर्षं झाली. सुरुवातीचे आठ महिने मी पेनकिलरवर अंगावर काढले, मलाही तेव्हा 'आत्ता कशाला एवढं जड औषध' असंच वाटत होतं, आणि माझं डावं मनगट आजही पूर्ण वाकत नाही. नंतर मेथोट्रेक्सेट सुरू झालं, आजार आटोक्यात आला, बाकीचे सांधे शाबूत आहेत, पण मनगटाचं गेलेलं परत आलं नाही. तेव्हा मी तुला सांगतेय ते या बाजूनं बघून सांगतेय हे लक्षात ठेव, आणि औषधांबद्दलचा शेवटचा शब्द तुझ्या सांधेतज्ज्ञांचाच.

तुझ्या सगळ्या पत्राच्या मुळाशी एक समजूत आहे, की दुखणं म्हणजेच आजार, दुखणं थांबलं की आजार थांबला. बाकी बऱ्याच आजारांत हे चालून जातं, इथे नाही. आपलीच प्रतिकारशक्ती सांध्याच्या आतल्या पातळ अस्तरावर हल्ला करते, ते अस्तर सुजतं, जाड होतं आणि हळूहळू कूर्चा आणि हाडाची कड कुरतडायला लागतं. पेनकिलर त्यातून उठणारी कळ आणि थोडी सूज कमी करते, कुरतडणं चालूच राहतं. एक्स-रेमध्ये दिसणारे हाडाचे खड्डे बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांतच पडायला सुरुवात होते, आणि पडलेला खड्डा सहसा भरून येत नाही. त्यात तुझं अँटी-सीसीपी खूप जास्त आहे, म्हणजे तुझा आजार आक्रमक निघण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त. 'सांधे खरंच बिघडतील तेव्हा' असं तू लिहिलंयस ना, तो दिवस आला की नाही हे तुला कळणार कसं? स्टिरॉइड आणि पेनकिलरखाली दुखणं झाकलेलं असताना ते एक्स-रेत दिसेल तेव्हा कळेल, आणि एक्स-रेत दिसलं म्हणजे ते होऊन गेलेलं असेल. आणि हे फक्त सांध्यांपुरतं नाही, दाह वर्षानुवर्षं चालू राहिला तर फुप्फुसांवर, डोळ्यांवर परिणाम होऊ शकतो, हृदयविकाराचा धोका या आजारात साधारण दीडपट धरतात.

आता स्टिरॉइड. तुला बरं वाटतंय ते खरंच आहे, तो भास नाही. हे औषध पहिल्यांदा वापरलं गेलं तेव्हाही असंच झालं होतं. १९४८ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी याच आजारानं अंथरुणाला खिळलेल्या २९ वर्षांच्या एका बाईला कॉर्टिसोन या स्टिरॉइडची इंजेक्शनं दिली आणि दोन-तीन दिवसांत तिचे सांधे मोकळे व्हायला लागले, आठवड्याभरात ती चालत बाहेर गेली. १९५० साली हेंच यांना केंडल आणि राइखश्टाइन या संशोधकांसोबत नोबेल मिळालं. सगळ्यांना वाटलं आजार जिंकला. पण औषध थांबवलं की आजार परत उसळायचा, आणि चालू ठेवलं तर चेहरा सुजणं, हाडं ठिसूळ होणं, मन बिघडणं असं एकेक समोर यायला लागलं. तुझं वय ३४ आहे हे बघ. महिना-दोन महिने थोडी गोळी घेणं वेगळं आणि पुढची वीस वर्षं रोज १० मिलिग्रॅम घेणं वेगळं, त्यात हाडांची घनता जाते, शुगर आणि बीपी वाढू शकतं, मोतीबिंदू लवकर येऊ शकतो, त्वचा पातळ होते, जंतुसंसर्ग जास्त होतात. स्टिरॉइडनं हाडांचं कुरतडणंही थोडं मंदावतं असं दिसलंय, त्यामुळे ते निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही, पण ज्याला तू 'हलकं' समजतेयस ते दीर्घकाळ घेतलं तर या सगळ्या यादीतलं सगळ्यात जड औषध आहे असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय स्टिरॉइड आणि पेनकिलर दोन्ही एकत्र म्हणजे पोटात अल्सर होण्याचा धोका वाढतो, पोट सांभाळणारी गोळी सोबत चालू आहे का ते फोनवर विचारून घे.

तुला स्टिरॉइड दिलं ते कशासाठी? मेथोट्रेक्सेट लागू पडायला सहा ते बारा आठवडे लागतात. तोवरचा काळ निभावून न्यायला. युरोपातल्या सांधेतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२२ च्या शिफारशीतही स्टिरॉइड थोड्या काळासाठीच, शक्य तितक्या लवकर कमी करत बंद करा असंच आहे, आणि अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या २०२१ च्या शिफारशी तर जमल्यास ते सुरूच करू नका इथपर्यंत जातात. आणि तू नेमकं मुख्य औषध सोडून तात्पुरतं ठेवलंस.

यात तुझी मोठी चूक झाली असं मला म्हणायचं नाही, कारण तात्पुरत्यानं तिसऱ्या दिवशी बरं वाटतं आणि मुख्य औषधानं पहिले दोन महिने नुसती मळमळ मिळते, मग माणूस कशाला चिकटून राहील? हे सुरू करतानाच कोणीतरी नीट समजावून सांगायला हवं आणि बऱ्याचदा तेवढा वेळ मिळत नाही.

'कॅन्सरचं औषध'. हो, मेथोट्रेक्सेट कॅन्सरमध्ये वापरतात. पण डोस बघ. काही कॅन्सरांत एका वेळी काही हजार मिलिग्रॅम शिरेतून देतात, आणि तुला आठवड्याला १५. सांधेवातात ते साधारण ७.५ पासून २५ पर्यंतच जातं. इतक्या कमी डोसात ते दाह शांत करतं, अ‍ॅडेनोसिन नावाचा दाह शमवणारा पदार्थ शरीरात वाढतो हे त्यातलं एक कारण मानतात. अमेरिकेत या आजारासाठी त्याला १९८८ साली मान्यता मिळाली, म्हणजे चाळीसच्या आसपास वर्षं लाखो लोकांनी घेतलेलं औषध आहे हे, आणि आजही जगभरात बहुतेक सगळीकडे पहिलं नाव त्याचंच येतं. त्याचे चांगले गुण आणि खोड्या जितक्या माहीत आहेत तितक्या इथल्या दुसऱ्या क्वचितच कुठल्या औषधाच्या असतील.

खोड्या आहेतच आणि त्या मी लपवणार नाही. लिव्हरवर ताण येऊ शकतो, रक्तातल्या पेशी कमी होऊ शकतात, तोंड येतं, काहींचे केस थोडे गळतात, डोसनंतरचा दिवस मरगळलेला जातो. म्हणून सुरुवातीचे तीन महिने दर दोन-चार आठवड्यांनी आणि नंतर साधारण दोन-तीन महिन्यांनी रक्त तपासायचं, लिव्हर, किडनी, सीबीसी. दारू टाळलेली बरी. कोरडा खोकला आणि दम लागायला लागला, ताप आला, तोंडात फोड आले, अंगावर निळे डाग उठले, डोळे पिवळे दिसले तर पुढचा डोस न घेता लगेच डॉक्टरांना कळवायचं. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलीस तर मेथोट्रेक्सेट चालू आहे हे आधी सांगायचं, कारण को-ट्रायमॉक्सॅझोल सारखं एखादं साधं अँटिबायोटिक त्यासोबत घेतलं तर रक्तपेशी धोकादायक कमी होऊ शकतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे आठवड्यातून एकदाच, रोज नाही. चुकून रोज घेऊन माणसं दगावलेली आहेत. एक वार ठरव, तो प्रिस्क्रिप्शनवर लिहून घे, घरातल्या अजून एकाला सांगून ठेव, आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या पिवळ्या गोळ्यांशी त्याची गल्लत होऊ नये म्हणून दोन्ही वेगवेगळ्या डब्यांत ठेव.

आता मळमळ, जिच्यामुळे हे सगळं झालं. यावर करण्यासारखं इतकं काही आहे की नुसत्या मळमळीपायी हे औषध सोडलं याचं मला वाईट वाटलं. रात्री जेवून झोपायच्या आधी घेतलं तर बराचसा त्रास झोपेत निघून जातो. एकाच दिवशी अर्धा डोस सकाळी आणि अर्धा बारा तासांनी असं विभागता येतं. फॉलिक अ‍ॅसिड वाढवता येतं. उलटीची गोळी आधी देता येते. डोस खाली आणून, ७.५ किंवा १० वर, पोटाला सवय झाली की परत वर नेता येतो. आणि याच औषधाचं त्वचेखाली घ्यायचं इंजेक्शन मिळतं, बऱ्याच जणांना त्यानं पोटाचा त्रास कमी होतो, शिवाय १५ च्या वर गेलं की गोळी पोटातून पूर्ण शोषली जात नाही आणि इंजेक्शन जातं, म्हणजे तेवढ्याच डोसात काम जास्त. माझं स्वतःचं इंजेक्शनवरच चालतं, छोटी सुई असते, घरी घेते. यातलं काहीही स्वतःच्या मनानं करू नकोस मात्र, आणि सहा आठवड्यांच्या खंडानंतर उरलेल्या पाकिटातून आपली आपण सुरुवातही करू नकोस, आधी रक्त तपासू दे आणि दिवस राहिलेले नाहीत याची खात्री होऊ दे.

दुसऱ्या मुलाचा मुद्दा तू पत्रात शेवटी आणि ओझरता लिहिलायस, डॉक्टरांना सांगितलंस का ते लिहिलं नाहीस, आणि माझ्या मते तुझ्या सगळ्या औषधांचा निर्णय इथून सुरू व्हायला हवा. मेथोट्रेक्सेटवर असताना दिवस राहायला नकोत, गर्भपात आणि बाळात व्यंग असा दोन्हीचा धोका असतो, त्यामुळे ते चालू असेतोवर पक्कं गर्भनिरोधक हवं. मूल हवं असेल तेव्हा ते आधी बंद करायचं, तज्ज्ञ साधारण १ ते ३ महिने आधी म्हणतात, काही देशांत औषधाच्या पत्रकात ६ महिने लिहिलेलं असतं, तुझे डॉक्टर सांगतील ते धर. लेफ्लुनोमाइड नावाची दुसरी गोळी आहे ती मेथोट्रेक्सेट सोसत नसेल तर देतात, पण ती शरीरात खूप महिने, कधी दोन वर्षांपर्यंत रेंगाळते आणि मूल हवं असेल तर दुसरं औषध देऊन ती मुद्दाम काढून टाकावी लागते, तुझ्या बाबतीत ती टाळलेली बरी वाटते. उलट सल्फासालाझिन आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन ही दोन गरोदरपणातही चालतात. बायोलॉजिकल, म्हणजे डॉक्टर म्हणाले त्या इंजेक्शनांमधलं सर्टोलिझुमॅब वारेतून बाळाकडे फारसं जात नाही, म्हणून गरोदरपणात लागलंच तर बहुतेकदा त्याचं नाव निघतं.

यातून तुझ्यापुढे दोन वाटा दिसतात. एक, दुसरं मूल खरंच दीड-दोन वर्षांनी हवं असेल तर आत्ता वर्षभर मेथोट्रेक्सेट नीट घेऊन आजार पूर्ण शांत करायचा आणि मग वेळेत गरोदरपणात चालणाऱ्या औषधांवर यायचं. दोन, पुढच्या पाच-सहा महिन्यांतच हवं असेल तर सरळ सल्फासालाझिन आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विनवर राहायचं, ते तुलनेनं सौम्य पडतं आणि पुरलं नाही तर पुढचं बघायचं. तुझं अँटी-सीसीपी आणि सांध्यांची संख्या बघता मला पहिली वाट बरी वाटते, पण ती तारखेवर अवलंबून आहे आणि तारीख तुम्हा दोघांनाच ठरवावी लागेल, अपॉइंटमेंटच्या आधी बसून बोला. आजार शांत असताना दिवस राहिले तर गरोदरपण सुरळीत जाण्याची शक्यता जास्त, आणि चिघळलेला आजार आणि रोजच्या पेनकिलर या दोन्हींमुळे दिवस राहायलाच वेळ लागू शकतो. म्हणजे बाळासाठी म्हणून औषधं टाळायची हा हिशोब उलटा पडतो.

हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आठवेल तेव्हा घेतेस ते मात्र रोजच घे. ते हळूहळू साचत काम करणारं औषध आहे, मध्येमध्ये घेऊन उपयोग नाही. वजनाप्रमाणे डोस ठरतो, किलोला ५ मिलिग्रॅमच्या वर जात नाहीत, आणि डोळ्यांच्या पडद्यासाठी सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करतात.

इंजेक्शनांची, म्हणजे बायोलॉजिकलची, तुला आत्ताच चिंता करायचं कारण नाही, पण भीती घालवायला थोडं सांगते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये रविंदर मैनी आणि मार्क फेल्डमन यांनी टीएनएफ नावाचा दाह पेटवणारा रेणू अडवला तर हा आजार शांत होतो हे पेशंटमध्ये दाखवलं, तिथून एटानरसेप्ट, इन्फ्लिक्सिमॅब, अडॅलिमुमॅब ही सगळी मंडळी आली. मग वेगळ्या जागी काम करणारी रिटुक्सिमॅब, अबाटासेप्ट, टोसिलिझुमॅब. ही औषधं खूप चांगली आहेत, ज्यांचं मेथोट्रेक्सेटवर भागत नाही त्यांचं आयुष्य यांनी बदललंय. सुरू करण्याआधी लपलेला टीबी आणि हिपॅटायटिस बी तपासणं मात्र अजिबात चुकवायचं नाही, कारण झोपलेला टीबी यांच्यामुळे जागा होऊ शकतो. आणि प्रत्येकाला ती लागतातच असंही नाही, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत मेथोट्रेक्सेट पुरेसं न पडलेल्यांना एकीकडे सल्फासालाझिन आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची जोड दिली, दुसरीकडे एटानरसेप्टची, जिथे फरक पडला नाही तिथे सहा महिन्यांनी औषधांची अदलाबदल केली, आणि वर्षाच्या शेवटी दोन्ही गट जवळपास सारखेच होते. तीन जुन्या गोळ्या, खर्चही कमी. त्यामुळे डॉक्टरांनी इंजेक्शनांचं नाव काढलं तर 'तीन गोळ्या आधी करून बघता येतील का' हे विचारायला संकोच करू नकोस. टोफासिटिनिबसारख्या जॅक गटातल्या गोळ्याही आहेत, लवकर काम करतात, पण ५० च्या पुढचे आणि हृदयविकाराचा धोका असलेले पेशंट घेऊन झालेल्या मोठ्या चाचणीत टीएनएफ औषधांच्या तुलनेत हार्ट अटॅक आणि कॅन्सर थोडे जास्त दिसले म्हणून त्या जपून देतात, आणि मूल हवं असणाऱ्यांना तर त्या नकोच.

आता आत्या. तू लिहितेस की एवढी औषधं घेऊनही तिची बोटं वाकडी झालीच. तिला एकदा विचार, नक्की कोणती औषधं? जुने कागद असतील तर बघ. कारण तू जे म्हणतेयस ना, आधी साधी पेनकिलर, मग बघू, जड औषधं शेवटी, हीच १९८० च्या दशकापर्यंत डॉक्टरांचीही पद्धत होती. पिरॅमिडच म्हणायचे तिला, खाली अ‍ॅस्पिरिनसारखी औषधं आणि वरच्या टोकाला आजार रोखणारी, आणि पेशंट टोकापर्यंत पोचेतोवर बोटं गेलेली असायची. नव्वदच्या दशकात हा क्रम उलटा झाला तो अशीच हजारो वाकडी बोटं बघून. आत्याचा आजार त्या उंबरठ्यावरचा आहे, तेव्हा मेथोट्रेक्सेट नुकतंच रुळत होतं. मला दाट शंका आहे की तिची बरीच वर्षं पेनकिलर आणि स्टिरॉइडवरच गेली असतील, म्हणजे तू आत्ता ज्यावर आहेस त्याच्यावरच.

आणि नुसतं औषध बदलून भागत नाही, मोजत राहावं लागतं. ग्लासगोमध्ये ११० पेशंटवर झालेली एक चाचणी २००४ साली प्रसिद्ध झाली, एका गटाला दर महिन्याला बोलावून, सुजलेले सांधे मोजून, आकडा खाली येत नाही तोवर औषध वाढवत नेलं, दुसऱ्याला नेहमीसारखं तीन महिन्यांनी. दीड वर्षानं पहिल्या गटातल्या ६५ टक्क्यांचा आजार शांत झाला होता, दुसऱ्यात १६ टक्क्यांचा. बायोलॉजिकल त्यात एकही नव्हतं. म्हणून डॉक्टरांना विचार की माझा डास-२८ चा, म्हणजे २८ सांधे तपासून आजार किती चालू आहे ते सांगणारा, आकडा आज किती आहे आणि आपल्याला तो कुठवर आणायचाय. तीन महिन्यांत ठळक फरक आणि सहा महिन्यांत आजार शांत, ही साधारण अपेक्षा धरतात, नाही झालं तर औषध बदलायचं, वाट बघत बसायचं नाही. सकाळी किती मिनिटं सांधे आखडलेले राहतात हे रोज लिहून ठेव, भेटीत फार उपयोगी पडतं.

अजून दोन-तीन गोष्टी पटकन. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशींबद्दल विचार, आणि बायोलॉजिकल सुरू व्हायची वेळ आलीच तर जिवंत जंतूंची लस त्याच्या आधीच घ्यावी लागते. घरात कोणी तंबाखू ओढत असेल किंवा तू ओढत असशील तर थांबवा, धूम्रपानानं हा आजार जास्त चिघळतो आणि औषधंही कमी लागू पडतात. घटक न लिहिलेली कुठलीही पावडर किंवा पुडी 'वातावर रामबाण' म्हणून कोणी दिली तर घेऊ नकोस, अशा पुड्यांत न सांगता स्टिरॉइड मिसळलेलं बऱ्याचदा सापडलंय. 'आयुष्यभर घ्यायचं का' हे तू विचारलं नाहीस पण मनात असेलच, तर आजार निदान सहा महिने पूर्ण शांत राहिला आणि स्टिरॉइड बंद झालेलं असलं की डोस हळूहळू कमी करून बघतात. पूर्ण बंद केलं तर पुष्कळांचा परत उसळतो, त्यामुळे बहुतेकांचं थोडं काहीतरी चालूच राहतं. माझं चालू आहे.

अपॉइंटमेंटला जाताना नवऱ्याला सोबत ने, तारखेचा प्रश्न दोघांचा आहे म्हणून. आणि तुझं मार्गी लागलं की आत्यालाही एकदा सांधेतज्ज्ञांकडे घेऊन जा. वाकलेली बोटं औषधांनी सरळ होणार नाहीत हे तिला आधीच सांगून ने, पण तिचा आजार अजून धुमसत असेल, सकाळी सांधे आखडत असतील, मनगटं सुजत असतील, तर ते आजही कमी करता येतं, आणि इतकी वर्षं झाल्यावर आता काय होणार म्हणून कदाचित तिला कोणी नेलंच नसेल.